लाल ज्वारी आणि कुणाची सुरक्षा?



औंढ्याजवळच्या एका गावात बचत गटांच्या बायकांची बैठक होती. विषय रोजचाच होता : कापसाचा आणि सोयाबीनचा भाव, आणि त्या भावात बाईचा वाटा किती. बोलता बोलता एकीनं वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिका यांनी व्यापाराबद्दल एक संयुक्त निवेदन काढलं. ज्या अमेरिकन मालावरचं आयातशुल्क भारत कमी किंवा रद्द करणार, त्याच्या यादीत जनावरांच्या खाद्यासाठीची लाल ज्वारी होती. भिंतीला टेकून बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे मिलो का?"

तरुण मुलींना मिलो ठाऊक नव्हती. मग आजींनीच सांगितली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या तेव्हा रेशनवर मिळायची ती लाल ज्वारी. पीठ चिकट नाही, भाकरी थापताना मोडायची, वास यायचा, लेकरं तोंड फिरवायची. पण दुसरं काही नव्हतं, म्हणून खाल्ली. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "तवा आमाला कुणी इचारलं न्हाई, आता तुमाला इचारलं का?"

या अंकाचं संपादकीय त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा, तिची आर्थिक ताकद, जगाचं नेतृत्व हे विषय आपण टीव्हीवर सुटाबुटातल्या पुरुषांवर सोडून दिले आहेत. आपल्या मेळाव्यांत दारू, हुंडा, मारझोड, रेशन, रोजगार हमी यांवर बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. पण परराष्ट्र धोरण म्हटलं की आपण म्हणतो, ते आपलं काम नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या बायकांच्या गेल्या साठ वर्षांच्या आयुष्याकडे पाहिलं तर ते आपलंच काम होतं असं दिसतं. आपल्याला ते सांगितलं गेलं नाही, एवढंच.

धान्याची दोरी

१९५४ मध्ये अमेरिकेनं एक कायदा केला. आपल्याकडे तो पीएल ४८० या नावानं ओळखला गेला. अमेरिकेच्या कोठारांत धान्य साठून पडलं होतं. ते उपाशी देशांना सवलतीनं द्यायचं, आपल्या शेतकऱ्यांसाठी नव्या बाजारपेठा तयार करायच्या आणि त्याच वेळी परराष्ट्र धोरणही पुढे न्यायचं, असे त्या कायद्याचे उघड हेतू होते. भुकेल्याला अन्न मिळालं हे खरं. ते अन्न एका दोरीनं बांधलेलं होतं हेही खरं.

ती दोरी १९६५-६६ मध्ये आपल्याला जाणवली. सलग दोन वर्षं पाऊस पडला नाही. १९६६ मध्ये बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणावं लागलं आणि त्यातलं बहुतेक अमेरिकेचं होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षाचा करार न करता थोडं थोडं धान्य सोडायचं ठरवलं. जहाजं किती सोडायची हे ते स्वतः पाहत. भारतानं आपलं शेतीचं धोरण बदलावं ही एक अट होती. व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांबद्दल भारत जे बोलत होता, त्याची नाराजीही त्यात होती. ६ जून १९६६ रोजी आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे लागत होते, ते ७ रुपये ५० पैसे लागू लागले. त्यामागेही पैसा देणाऱ्यांचा दबाव होता.

धान्य बंदराला लागलं की तिथून थेट लोकांच्या तोंडात जाई, मध्ये साठा उरतच नव्हता. अशा वेळी घरात कुणी कमी खाल्लं असेल? आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली आणि शेवटी तव्यावर उरलेलं बाईनं, हा आपल्या घरांचा नियम अमेरिकेनं केलेला नाही. पण बाहेरून दोरी आवळली की आतला हा नियम जास्त कडक होतो. दोन्ही सत्तांची गाठ बाईच्या ताटात पडते.

१९७२ चा दुष्काळ त्यानंतरचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. त्यांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले, रस्ते केले. त्या कामांमधून आणि त्या काळच्या लढ्यांतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. अन्नाची सुरक्षा कशी असते हे या बायकांनी हातोडीनं शिकवलं. तिला कुणी राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं नाही.

गर्भाशय आणि गुप्त अहवाल

धान्याची दोरी नुसती पोटापर्यंत थांबली नाही. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेनं एक अहवाल तयार केला. हेन्री किसिंजर तेव्हा तिथे प्रमुख होते. जगातल्या लोकसंख्यावाढीचा अमेरिकेच्या सुरक्षेवर आणि परदेशांतल्या हितसंबंधांवर काय परिणाम होईल, हा त्याचा विषय. त्यात तेरा देशांवर विशेष लक्ष द्यावं असं म्हटलं होतं आणि त्यांत भारत होता. गरीब देशांत माणसं वाढली की असंतोष वाढेल आणि अमेरिकेला लागणाऱ्या खनिजांचा पुरवठा अडेल, अशी ती भीती होती. तोकडं पडणारं पीएल ४८० चं धान्य वाटताना तो देश लोकसंख्या रोखण्यासाठी काय करतो हे पाहावं, असंही त्यात सुचवलेलं होतं. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते धोरण म्हणून स्वीकारलं. हा कागद कित्येक वर्षं गुप्त होता.

म्हणजे बघा, कळमनुरीतल्या किंवा सेनगावातल्या बाईला चौथं मूल होणार की नाही, हा एका महासत्तेच्या सुरक्षेचा प्रश्न झाला होता. त्या बाईला ते मूल हवं होतं का, तिच्या दवाखान्यात डॉक्टर होता का, तिची आधीची मुलं का दगावली, हे मात्र त्या धोरणाचे मुख्य प्रश्न नव्हते.

इथे आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी अमेरिकेच्या कागदामुळे झाली असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ती आपल्याच सरकारनं, आपल्याच अधिकाऱ्यांनी केली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. त्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. पुरुष चिडले, सरकार पडलं. त्यानंतर सगळ्याच सरकारांनी धडा घेतला, पण कसला? सक्ती नको, हा धडा अर्धवटच घेतला. पुरुषांना हात लावू नका, हा मात्र पुरता घेतला. तेव्हापासून कुटुंब नियोजनाचं ओझं जवळजवळ पूर्णपणे बाईच्या अंगावर आलं, आणि आजही तिथेच आहे. टोचण्याच्या गर्भनिरोधकांविरुद्ध आपल्या संघटना ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत रस्त्यावर आणि न्यायालयात का लढल्या, हे नव्या कार्यकर्त्यांनी या पार्श्वभूमीवर समजून घ्यावं.

आणीबाणी तिकडची, कापूस इकडचा

आता अलीकडचं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जगभरच्या मालावर आयातकर वाढवले. त्यासाठी त्यांनी १९७७ चा एक कायदा वापरला. देशाच्या सुरक्षेला किंवा अर्थव्यवस्थेला बाहेरून असामान्य धोका असेल तर आणीबाणी जाहीर करून राष्ट्राध्यक्षांना आर्थिक पावलं उचलता येतात, असा तो कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के कर लागला. मग रशियाकडून तेल घेता म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. एकूण ५० टक्के.

याचा हिंगोलीशी संबंध काय? तो असा. कपड्यांच्या गिरण्या आणि कारखाने अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारनं १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. आपल्याकडे कापसाची वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याच्या वेळी बाहेरच्या कापसाला दार उघडं. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पूर. बोंडं काळी पडली, सोयाबीन पाण्यात कुजलं.

गिरण्यांतल्या आणि शिलाई कारखान्यांतल्या कामगार बायकांची नोकरी वाचावी, हे आपल्यालाही हवं आहे. तिरुपूरची शिवणकाम करणारी बाई आणि वसमतची कापूस वेचणारी बाई यांना एकमेकींसमोर उभं करण्याचा हा डाव आपण ओळखला पाहिजे. तेल रशियाकडून घ्यायचं की नाही हे दोघींपैकी कुणीच ठरवलं नव्हतं. त्या तेलाचा नफाही दोघींपैकी कुणाला मिळाला नाही. दंड मात्र दोघींच्या मजुरीतून वसूल झाला.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अमेरिकेतल्याच काही आयातदारांनी या करांविरुद्ध दावे लावले. २० फेब्रुवारी २०२६ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, १९७७ च्या त्या कायद्याखाली असे कर लावण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, असा निकाल दिला. त्याआधीच, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दोन्ही सरकारांनी व्यापाराचा समझोता जाहीर केलेला होता. म्हणजे जो दंडुका दाखवला गेला तो पुढे बेकायदा ठरला. पण त्या दंडुक्याच्या धाकात आपण काय काय कबूल केलं?

कबूल केलेल्यांत ही लाल ज्वारी आहे. सोयाबीनचं तेल आहे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा, कोंबड्या-जनावरांना घालायचा सुका चोथा आहे. गहू, तांदूळ, मका, सोयाबीन, दूध यांना धक्का लावलेला नाही, असं सरकार सांगतं. ठीक आहे. पण सोयाबीनचं गणित आपल्या जिल्ह्यातली कुठलीही बाई सांगेल. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. या दोन्हींना भाव असेल तर सोयाबीनला भाव. एकीकडून तेल आलं, दुसरीकडून पेंडीच्या जागी वापरायचा चोथा आला, तर सोयाबीनचं दाणं बाहेरून न येताही इथला भाव पडतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. बाजारात आपल्याला काय मिळालं, ते प्रत्येकीनं आपल्या पट्टीवर पाहावं.

इथे आजींची मिलो पुन्हा आठवते. त्या काळी आपल्या रानात ज्वारी होती. ती पिकली नाही म्हणून मिलो आली. पुढे नव्वदीनंतर हळूहळू ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आलं. ज्वारीचा भाव पडला तरी घरात भाकरी आणि गुरांना कडबा होता, आणि कणगीतल्या ज्वारीवर बाईचा थोडा तरी हात चालायचा. सोयाबीनचा भाव पडला तर ते खाता येत नाही. ते थेट आडतीवर जातं, पैसा पुरुषाच्या हातात येतो, आणि घर रेशनच्या गहू-तांदळावर चालतं. १९७२ मध्ये आपण पावसाच्या भरवशावर होतो. आज पाऊस, आडत, दिल्ली आणि वॉशिंग्टन या चौघांच्या भरवशावर आहोत.

आपला राग कुणावर?

याचा अर्थ अमेरिकेतलं सगळं वाईट आणि इथलं सगळं चांगलं, असा मुळीच नाही. ज्या कामगार बायकांच्या लढ्यांतून आपला ८ मार्च आला, त्यांत न्यूयॉर्कच्या बायका होत्या. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध अमेरिकन बायकाही रस्त्यावर उतरल्या होत्या. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. ३१ मार्च २०१६ रोजी तिचा करार वॉशिंग्टनमध्ये झाला, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि यंत्रणेचा मोठा भाग अमेरिका देणार आहे. दोन देशांनी मिळून आकाश ऐकायचं, अशी ती मैत्री आहे. तिचं आपण स्वागतच करतो, आणि त्या वेधशाळेत औंढ्याची मुलगी फक्त झाडू मारायला जाऊ नये, हेही बजावून सांगतो.

प्रश्न अमेरिकन माणसांचा नाही, सत्तेच्या रीतीचा आहे. २०२४ मध्ये अमेरिकेचा लष्करावरचा खर्च सुमारे १ लाख कोटी डॉलर होता, म्हणजे सगळ्या जगाच्या लष्करी खर्चाच्या एक तृतीयांशाहून जास्त. ज्याच्याकडे एवढी शस्त्रं आणि एवढा बाजार आहे, तो आपल्या भीतीला 'सुरक्षा' म्हणतो आणि ती भीती निस्तरण्याचं काम दुसऱ्यांवर टाकतो. ही रीत आपल्याला ओळखीची वाटत नाही का? घरातला कर्ता पुरुषही असंच म्हणतो, मी घर सांभाळतो, तेव्हा निर्णय माझा. आणि तो जिथे कमी पडतो तिथे बाई जास्त राबते, कमी खाते.

आपले राज्यकर्तेही या रीतीचे भागीदार आहेत. दिल्लीत करार करताना संसदेत आधी चर्चा होत नाही. गॅटच्या वेळी, डंकेल प्रस्तावाच्या वेळी आपण हेच म्हणत होतो. त्या काळी खुल्या बाजाराबद्दल शेतकरी संघटनेशी आपले मतभेद होते, पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी होती. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेतून अनेक गावांत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. ते काम मध्येच थांबलं.

ते थांबल्याची किंमत आज कळते. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावानं कापूस विकायचा तर 'कपास किसान' या मोबाइल ॲपवर नोंदणी सक्तीची होती. नोंदणीला सातबारा लागतो. पुराची भरपाई सातबाऱ्यावर. पीक विमा सातबाऱ्यावर. सरकी टोकली तिनं, निंदलं तिनं, वेचलं तिनं. पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून सरकारच्या लेखी ती शेतकरी नाही. ज्या घरात नवऱ्यानं आत्महत्या केली त्या घरातल्या बाईला तर हे पहिल्या महिन्यातच कळतं. अमेरिकेचा कर सगळ्यांना लागतो, त्यावरचा उतारा मात्र ज्याचं नाव आहे त्यालाच मिळतो.

मग करायचं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव केला. शांतता आणि सुरक्षेच्या निर्णयांत बायकांचा सहभाग असला पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. तो ठराव युद्धाबद्दल आहे. पण ज्या बाईच्या ताटावर आणि शेतावर दुसऱ्या देशाची 'राष्ट्रीय सुरक्षा' येऊन बसते, तिलाही हा हक्क आहे असं आपण म्हणू शकतो.

म्हणून प्रत्येक गटाला तीन कामं सुचवतो. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा की शेतीमालाच्या आयातीचा कुठलाही करार करण्याआधी त्याचा मसुदा मराठीत लोकांसमोर यावा, आणि त्याचा बायकांच्या मजुरीवर व अन्नावर काय परिणाम होईल ते सांगितलं जावं. खासदार-आमदार मतं मागायला येतात तेव्हा या ठरावाची प्रत त्यांच्या हातात द्या. दुसरं, आपल्या गटातल्या किती बायकांचं नाव सातबाऱ्यावर आहे याची यादी करा आणि तलाठ्याकडे एकेकटीनं न जाता एकत्र जा. तिसरं, ज्यांच्याकडे थोडं रान आहे त्यांनी घरापुरती तरी ज्वारी पेरा. हा काही क्रांतीचा कार्यक्रम नाही, पण ज्याच्या घरात सहा महिन्यांची भाकरी आहे त्याला आडत्याही जरा जपून बोलतो.

हे लगेच होणार नाही. कर वाढतील, उतरतील, राष्ट्राध्यक्ष बदलतील, समझोते नव्यानं लिहिले जातील. पण आजींना १९७२ मध्ये कुणी विचारलं नव्हतं म्हणून आपल्यालाही विचारलं जाणार नाही, हे आपण मान्य करता कामा नये. त्या दिवशीच्या बैठकीत आजींच्या प्रश्नावर आम्ही सगळ्या गप्प झालो होतो. पुढच्या बैठकीला जाताना ठरावाचा कागद घेऊन जाणार आहोत. तुमच्या गावचे ठराव आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ते छापू.

— संपादक मंडळ